अकरा पॉइंट बावन्न

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला पकडल्याचा आनंद घ्यायला नको. शेजाऱ्याच्या नळाला जोरात पाणी आलं तरी माझ्या पोटात दुखतं. पण वर्षानुवर्षं, नेमानं, सकाळी दात घासता घासता ज्याच्यावर जळावं असा माणूस मला एकच भेटला. तो माझ्या समोरच्याच घरात राहायचा. रंगनाथआप्पा.

आप्पा दिंडोरीकडच्या एका खेड्यातले. फौजेत हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होते. तिथून सुटले आणि अंबडला आमच्या कंपनीत टूलरूमला लागले. मी त्याच कंपनीत इन्स्पेक्शनला. म्हणजे त्यांनी बनवायचं आणि मी मोजायचं. सव्वीस वर्षं मी त्यांच्या कामात चूक शोधली. दोन सापडल्या, आणि त्यातली एक माझ्याच मोजण्यातली निघाली. तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "व्हतं भालेराव, डोळा थकतो." माझा डोळा तेव्हा पस्तिशीचा होता. थकतो म्हणे!

पुढे कंपनीतल्या बऱ्याच जणांनी पाथर्डी फाट्याजवळ एका ओळीत घरं घेतली. दहा जणांतून माझ्या समोर नेमके आप्पा यावेत, याला काय म्हणावं? माझी खिडकी उघडली की त्यांचा दरवाजा दिसायचा.

तर आप्पांच्या कमरेला, उजव्या बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या आत रिव्हॉल्वर असायचं. परवान्याचं, रीतसर. रोज असायचं. भाजीला जाताना, दाढी करून घ्यायला जाताना, सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला जाताना. कंपनीच्या गेटवर ते सिक्युरिटीकडे जमा करून पावती घ्यायचे, सुट्टी झाली की पावती देऊन परत कमरेला. त्यांचा शर्ट नेहमी बाहेर असायचा आणि उजव्या बाजूला बोटभर सैल. सिडकोतला एकच शिंपी त्यांना तसा शिवून द्यायचा. इतक्या वर्षांत ते रिव्हॉल्वर आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. तरी सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, कारण निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि आप्पा पहिल्याच दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून निघायचे. लोक विचारायचे, "काय आप्पा, जमा का?" आप्पा मान हलवायचे. बस, एवढ्यावर त्यांचा रुबाब.

माझ्या कमरेला काय? चष्म्याचं घर.

आता गंमत बघा. ज्याच्याकडे हत्यार, त्यानं थोडं तरी ताठ चालावं की नाही? हा माणूस जगाला वाट देत चालायचा. रेशनच्या रांगेत मागचा पुढे घुसला तर "घ्या, तुमी घ्या." सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला की आप्पा गप्प. दारूला शिवत नसत. "प्यायची तर आधी कमरंचं काढाया पायजे, आन ते तर मी काढत नाय," असं सरळ गणित. एकदा पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्याच्या घरच्या लग्नात वरातीसमोर नवरदेवाच्या मामानं आग्रह धरला, "आप्पा, एक बार उडवा की हवेत! शोभा येईल!" आप्पा म्हणाले, "मामा, वर गेल्यालं खाली येतंय. कुणाच्या डोक्यात, ते मला कुठं म्हाईत?" आणि चपला घालून जेवायच्या आधी निघून आले. मी त्या लग्नात होतो. मी जेवून आलो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठेही भांडणाचं चिन्ह दिसलं की हळूच म्हणायचे, "ज्याच्या कमरंला हाय, त्यानं भांडायचं नसतं."

एक दिवस मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. फाट्यावर एका चारचाकीनं आम्हाला घासलं. चूक शंभर टक्के चारचाकीवाल्यांची. चार पोरगे उतरले आणि उलटे आमच्यावरच धावले. एकानं आप्पांची कॉलर धरली. आईवरून शिवी दिली. मी मागून ओरडतोय, "अरे, माणसं आहात का कोण आहात!" आणि आप्पांनी काय करावं? हात जोडले. "चुकलं बाबा. जा तुमी." हात जोडलेले, पण उजवं कोपर कमरेला असं घट्ट दाबून धरलेलं. पोरगे गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, नुसता शर्ट वर केला असतात तरी पळाले असते हो!" ते स्कूटर उभी करत म्हणाले, "म्हणून तर नाय केला. ती हाय म्हणून मी नीट वागतो, भालेराव. दुसऱ्यानं नीट वागावं म्हणून नाय ती."

कॉलनीत ही गोष्ट अशी पसरली की विचारू नका. आप्पा म्हणजे संत! आमची ही तर डोळ्यांत पाणी आणून चार घरी सांगून आली. मी विचारलं, "आणि मी हात जोडले असते तर?" ही म्हणाली, "तुम्ही कशाला जोडाल? आणि जोडले असते तर घाबरून जोडले असते." घ्या! ज्याच्याकडे रिव्हॉल्वर त्याचे जोडलेले हात म्हणजे क्षमा, आणि आमचे जोडलेले हात म्हणजे भित्रेपणा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडेही परवाना पाहिजे.

पण रिव्हॉल्वर ही आप्पांची सवय होती, त्यांचा जीव अडकला होता तो जुन्या लष्करी बंदुकांत. हॉलमध्ये भिंतीवर चार होत्या. साखळीनं बांधलेल्या, साखळीला कुलूप, किल्ली आप्पांच्या जानव्यासारखी गळ्यात. एक ठासणीची, तोंडातून दारू आणि गोळी घालून गजानं ठासायची. दोन तिच्यानंतरच्या. आणि चौथी त्यांची लाडकी. खालचा दांडा ओढला की पाठ उघडणारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. गोऱ्यांच्या पलटणीतली. तिच्या दस्त्यावर कुण्या शिपायाचा नंबर ठोकलेला होता. तिचं काडतूस आता कुठे मिळत नाही, म्हणजे ती वाजणार नव्हतीच. आप्पा तिला तेलाच्या फडक्यानं पुसताना म्हणायचे, "कुणाच्या खांद्यावर बसून कुठं कुठं फिरली असंल, कळायला मार्ग नाय."

ती त्यांना सटाण्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी दिली होती. नवरा गेला, मुलं परगावी. घरात बंदूक गंजत पडलेली. आप्पा कुणाच्या तरी ओळखीनं बघायला गेले आणि दोन तास ती पुसतच बसले. म्हातारी बघत होती. शेवटी तिनं ती आप्पांच्याच हातात दिली आणि अहिराणीत म्हणाली, "लई जाय भाऊ. हिले पुसनारं आठे कोन शे?" कागद मात्र तिच्या नवऱ्याच्या नावावर होते. आप्पांनी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज दिला होता, तो कुठल्याशा टेबलावर पडून होता. बाकी तिन्हींचे कागद चोख. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं होतं. कुणाला काय सांगतोय याचा विचार न करता सांगितलं होतं.

खंडेनवमीला आम्ही सगळे कारखान्यातली माणसं घरी आपापली हत्यारं पुजतो. कुणी पान्हे, कुणी ड्रिल मशीन. मी माझी मोजायची हत्यारं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, पाटावर मांडायचो, झेंडूचं फूल वाहायचो. कुणी बघायला यायचं का? अहो, कसलं काय! अख्खी कॉलनी समोरच्या घरात. बायका हळदकुंकू घेऊन बंदुकांना ओवाळतायत, माणसं फोटो काढतायत, आणि आप्पा दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवतायत. आमची हीसुद्धा तिकडेच. माझा मायक्रोमीटर बिचारा एकटा.

अशाच एका खंडेनवमीला हॉल गच्च भरलेला असताना आप्पांनी मला हाक मारली. "भालेराव, तुमचा व्हर्नियर आणा वो. हिच्या नळीचं तोंड किती झिजलंय ते मोजायचंय. दुसऱ्या कुणाच्या हाताचं मला चालायचं नाय." मी धावत घरी गेलो आणि हळदकुंकू लागलेला व्हर्नियर घेऊन आलो. मी तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच. "अकरा पॉइंट बावन्न." आप्पा सगळ्यांना म्हणाले, "लिहून ठेवा. या माणसानं सांगितलं म्हंजे देवानं सांगितलं." लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी आप्पांवर जळलो नाही.

पण ते एक दिवसाचं. मी निवृत्त झालो आणि परवान्याचं वेड डोक्यात पक्कं बसलं. मलाही शर्ट बाहेर काढून फिरायचं होतं. मलाही कुणी "काय भालेराव, जमा का?" विचारायला हवं होतं. बाकी काही नको होतं मला. फॉर्म भरला, फोटो लावले, डॉक्टरचा दाखला जोडला. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "तुमच्या जिवाला कुणापासून धोका आहे?"

मी विचार करू लागलो.

"कुणाशी वैर? जमिनीचा वाद? धमकीचा फोन?"

मी म्हणालो, "आमचे सोसायटीचे सेक्रेटरी. पार्किंगवरून."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायले. घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या नाशकात मला मारावं असं एकाही माणसाला वाटत नाही. माणसानं जगून करायचं तरी काय?

त्यानंतर शेजाऱ्यांकडे चौकशी होते. शेजारी म्हणून मी आप्पांचंच नाव दिलं होतं. माजी सैनिक, स्वतः परवानाधारक, यांच्यापेक्षा वजनदार शब्द कुणाचा? महिन्याभरानं अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मी ऑफिसात जाऊन हुज्जत घातली, तेव्हा तिथल्या कारकुनानं वैतागून फाईलच माझ्यापुढे उघडली. त्यात आप्पांचा जबाब होता. खाली त्यांची ती गोल सही.

"इसम प्रामाणिक असून कामाला चोख आहे. व्यसन नाही. राग लवकर येतो. राग गेल्यावर पस्तावतो, परंतु हत्यार तेवढा वेळ देत नाही. परवाना देऊ नये असे माझे मत आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली! स्वतः रोज कमरेला लावून हिंडायचं आणि दुसऱ्यानं मागितलं की ज्ञान पाजळायचं? मी त्यांना जाब विचारायला हवा होता. दार वाजवून, तोंडावर. ते नाही केलं. मी निनावी अर्ज केला.

आणि तोही कसा, बघा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सातपूरला जाऊन टाइप करून घेतला. पिंपळगावला एका बारशाला जायचं होतं, तिथल्या पेटीत टाकला, म्हणजे शिक्का तिकडचा बसावा. सदर इसमाच्या घरी कागदपत्र नावावर नसलेली एक लष्करी बंदूक आहे, भिंतीवर डावीकडून चौथी, अशी आहे, तशी आहे, सगळं तपशीलवार. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की येताना गाडीत गुणगुणत होतो.

पंधरा दिवसांनी समोर पोलिसांची गाडी थांबली. एक फौजदार, दोन शिपाई. मी खिडकीतून बघत होतो, तोच शिपाई आमच्याच फाटकातून आत आला. "काका, जरा चला. पंच म्हणून सही लागेल." कपाळ माझं! नाही म्हणायला कारण सापडेना. ही मागून म्हणाली, "जा हो, आप्पांना तेवढाच आधार."

हॉलमध्ये आप्पा उभे होते. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी स्वतःच कुलूप उघडलं आणि चौथी बंदूक सतरंजीवर ठेवली. नावावर करायच्या अर्जाची पोच दाखवली. फौजदार सज्जन होता. म्हणाला, "आप्पा, मला कळतंय. पण तक्रार आलीय, आणि आज कागद तुमच्या नावावर नाही. मला न्यावीच लागेल." मग खात्री करण्यासाठी त्यानं तक्रार मोठ्यानं वाचायला घेतली. खालचा दांडा, बरोबर. दस्त्यावर नंबर, बरोबर.

"नळीचे तोंड अकरा पॉइंट बावन्न मिलीमीटर."

शिपायाच्या हातात शाळेतली प्लास्टिकची पट्टी होती. तो पट्टीकडे बघायला लागला. फौजदार म्हणाला, "कोण शहाणा आहे हा! पॉइंट बावन्न म्हणे!"

काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. सातपूरला गेलो, पिंपळगावला गेलो, नाव लपवलं, गाव लपवलं, पण चाळीस वर्षांची खोड. निनावी अर्जातसुद्धा मला 'अंदाजे अकरा' असं लिहवलं नाही. तिथे त्या हॉलमध्ये बाकीच्यांना तो नुसता आकडा होता. तो मोजणारा कोण, हे दोघांनाच माहीत होतं.

फौजदारानं माझ्याकडे मान वळवली. "भालेराव, तुम्ही इन्स्पेक्शनवाले ना? तुम्हीच बघा. बरोबर आहे का हे माप?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"बरोबर हाय, साहेब," आप्पा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "मोजणाऱ्याचा हात लय चांगला हाय. लिहून घ्या."

शिपायानं लिहून घेतलं. खाली मी पंच म्हणून सही केली. बंदूक चादरीत गुंडाळून गाडीत गेली.

त्यानंतर मी रोज वाट बघायचो. आज बोलतील, उद्या बोलतील. चारचौघांत माझी अब्रू काढतील. नाही. सकाळी दूध आणताना समोरासमोर आलो की "काय भालेराव, बरंय ना?" आवाज तोच, चाल तीच. कॉलनीत लोक तर्क लढवत होते, कुणी सेक्रेटरीवर संशय घेत होतं, आणि आप्पा म्हणत, "जाऊ द्या, ज्यानं केलं त्यानं खरंच लिहिलंय." मला ते सहन होईना. एकदा ओरडावं की माणसानं! तेवढंही सुख मला दिलं नाही त्यांनी. बंदूक ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिली. नावावर करायचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. आप्पा दर सोमवारी तेलाचं फडकं पिशवीत घालून ठाण्यात जायचे, आणि पुसायला मिळालं की नाही ते कुणाला सांगायचे नाहीत.

वर्षभरानं त्यांनी घर विकायचं ठरवलं, गावी शेतावर राहायला जायचं. टेम्पो दारात लागला होता, उरलेल्या तीन बंदुका गोधड्यांत बांधून आत गेल्या होत्या. मग ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. मी ओट्यावर होतो. ते बसले नाहीत.

"भालेराव, तुमी परत अर्ज करा. परवान्याचा. येत्या खेपंला चौकशी आली तर गावी या म्हणावं माझ्याकडं. मी द्या म्हणून सांगीन."

मी विचारलं, "का? आता काय बदललं?"

"तुमचा राग कुठवर जातो ते आता मला म्हाईत हाय. टपालाच्या पेटीपर्यंत. तेवढा चालतो."

पुढे मी तो अर्ज केला, आणि त्यांनी शब्द पाळला. परवाना आला. कपाटात ठेवलाय. हत्यार काही घेतलं नाही मी. ही सगळ्यांना सांगते, "महाग असतात हो." सांगू दे. खरं कारण म्हणजे त्या दिवशी ओट्यावर यानंतर जे झालं ते.

मी उठून उभा राहिलो. "आप्पा, तो कागद... ते मी..."

"नका बोलू."

"नाही, मला सांगायचंय. मीच तो—"

"भालेराव!" त्यांनी असा आवाज काढलेला मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, ना टूलरूममध्ये, ना फाट्यावर. टेम्पोवाल्यानं वळून पाहिलं. मग ते एकदम हळू बोलले, दातांतून. "तोंडानं सांगू नका. सांगितलंत तर मला काहीतरी करावं लागंल. आन माझ्या कमरंला हाय."

त्यांचं उजवं कोपर कमरेला दाबलेलं होतं. चेहरा राखेसारखा. मला वाटत होतं त्यांना राग येतच नाही, देवानं दिलाच नाही. वर्षभर दूध आणताना "बरंय ना?" विचारत होते तेव्हाही तो राग असाच आत असणार, असाच पुरेपूर.

ते वळले, पायऱ्या उतरले, फाटकाबाहेर गेले आणि फाटक लावायला लागले. कडी बसेना. ज्या हातांनी आयुष्यभर केसाइतक्या फटीचं काम केलं, त्या हातांना लोखंडाची साधी कडी खाचेत घालता येईना. एकदा हुकली. दुसऱ्यांदा हुकली. ते त्या हातांकडे बघत होते. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. फाटक तसंच सोडलं आणि कोपर कमरेला धरून रस्ता ओलांडला. गाडी येत होती, तिला वाट दिली. टेम्पोत पुढे बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

एवढा राग, आणि तो असा उचलून, कुणाला धक्का न लावता, दिंडोरीपर्यंत घेऊन जायचा. मी ओट्यावर उभा होतो आणि मला त्याचाही हेवा वाटला.